सातवा अबू अहमद

साक्ष द्यायला आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न नावाचा विचारायचो. खरं नाव नव्हे, कॅमेऱ्यासमोर कुठलं नाव लावायचं ते. आणि या एका बाबतीत आमच्या लोकांचं डोकं इतकं कमी चालतं की विचारू नका. चाळीस पुरुषांपैकी अकरा जणांनी सांगितलं, "लिहा, अबू अहमद." अहमदचा बाप. त्यातल्या एकालाही अहमद नावाचा मुलगा नव्हता. लपायचं म्हटलं की माणूस गर्दीत शिरतो, आणि आमच्याकडे अबू अहमदांइतकी गर्दी कुणाचीच नाही.

माझं नाव लुबाना. अम्मानमध्ये, जबल अल-वैब्देच्या चढावर, एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर आमचं कार्यालय होतं. आम्ही पाच जण, सगळे सीमेपलीकडच्या हौरान भागातून आलेले. तिकडच्या तुरुंगातून सुटलेल्यांच्या साक्षी चित्रित करायच्या, शब्द न् शब्द लिहून काढायचा आणि सबटायटल लावून जगासमोर ठेवायच्या, हे आमचं काम. त्यातला शेवटचा भाग माझ्याकडे होता. व्हिडिओ क्लाउडवर चढवायचा आणि तिथल्या सेवेला सांगायचं की फोनसाठी एक प्रत कर, मोठ्या पडद्यासाठी एक कर, आणि सबटायटल अमुक रूपात दे. बघणाऱ्याला वाटावं, बाई दिवसभर फॉर्म भरते आहे. पण मला त्याचा भारी गर्व होता. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं मला खपायचं नाही.

सातव्या अबू अहमदचं खरं नाव हायिल अल-कुवैदर. ते आज मी मोकळेपणाने का लिहिते आहे ते पुढे कळेल. वय चाळीसच्या आसपास, झरकामधल्या एका भट्टीवर पाव भाजायचा. तीन वर्षं आत काढून सुटला होता. त्याचा धाकटा भाऊ बरजस मात्र अजून आतच होता. जिवंत होता, हे नक्की ठाऊक होतं. त्यांची आई गाव सोडून आली नव्हती, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तिला पाच मिनिटांची भेट मिळायची. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो.

साक्षीच्या दिवशी हायिल खुर्चीवर बसायलाच तयार होईना.

"चेहरा नको," तो म्हणाला. "आवाज बदला. आणि नाव तर नकोच नको."

"कुणाचंच घालत नाही आम्ही."

"माझं सोड. माझ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. पण बरजस त्यांच्या हातात आहे. मी इथे तोंड उघडलं हे कळलं, की ते राग त्याच्यावर काढणार."

"नाही कळणार."

"कोण सांगतंय हे? तू?"

"मी सांगतेय. शेवटी सगळं माझ्याच हातून बाहेर जातं."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मगच बसला. आम्ही फक्त त्याचे हात चित्रित केले. कोठडी केवढी होती, तिच्यात माणसं कशी झोपायची, पाणी कसं वाटलं जायचं, हे सगळं तो हातांनी दाखवत गेला. दोन तासांत त्याने एकदाही पाणी मागितलं नाही. आमच्या सगळ्या साक्षींमध्ये ती सर्वात स्पष्ट होती.

साक्षी लिहून काढायचं काम उम्म युसरचं. साठी उलटलेली बाई, गावाकडे तीस वर्षं भूगोल शिकवलेला. एक अक्षर गाळायची नाही की कुणाचा एक उसासा वगळायची नाही. या अबू अहमदांनी मात्र तिला जेरीस आणलं. हायिलच्या साक्षीच्या कितीतरी आधी, एका सकाळी, ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"लुबाना, या अहमदच्या बापांनी माझं डोकं फिरवलंय बघ. काल तिसऱ्याचं बोलणं पाचव्याच्या तोंडी घातलं मी."

"मग फाइलच्या वर टीप लिहून ठेव ना, खाला. कोण, कुठला, सगळं लिही. ओळीच्या सुरुवातीला ती टीप आहे अशी खूण केली की पडद्यावर ती येत नाही. तुझ्यापुरती राहते."

"नक्की ना गं? मला मेलीला यातलं ओ की ठो कळत नाही."

"माझ्यावर सोड."

त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. तेव्हा आम्ही अक्षरं चित्रातच पक्की करून टाकायचो, कार्यालयातल्या जुन्या संगणकावर. बाहेर जायचं ते फक्त चित्र. फाइल आमच्या कपाटातच राहायची आणि तिच्यातल्या टिपाही. पण एका व्हिडिओला पुरता दिवस जायचा, म्हणून आमचे प्रमुख उस्ताद झुहैर यांनी क्लाउडची सेवा घेतली. उस्ताद पूर्वी वकिली करायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी असे.

आधी एकच साक्ष लावून बघू असं ठरलं, आणि ती अर्थातच सातव्या अबू अहमदची. मी सेवेला सांगितलं, अक्षरं चित्रात पक्की कर. तिने केली, आणि आमची अरबी अक्षरं एकमेकांचा हात सोडून सुटी सुटी उभी राहिली, तीही उलट्या बाजूने. फॉन्ट बदलला तर अक्षरांच्या जागी चौकोन आले. उस्तादांनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"हे काय आहे, लुबाना?"

"सबटायटल आहेत, उस्ताद."

"हे वाचून लोक म्हणतील, यांना धड लिहिता येत नाही, यांच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा."

ते मला झोंबलं. मग मी चार दिवस त्या अक्षरांच्या मागे लागले. चित्रात अक्षरं घालण्याचा नाद सोडला आणि सबटायटलची फाइल वेगळी द्यायचं ठरवलं. चित्र वेगळं, फाइल वेगळी. बघणाऱ्याचा फोन ती फाइल मागवून घेतो आणि अक्षरं स्वतः काढतो, म्हणून ती बिनचूक येतात. अडचण एकच उरली. अक्षरं खाली आली की हायिलचे हात झाकले जायचे. मी फाइलमध्ये एकेका ओळीची जागा बदलून ती चित्राच्या वरच्या कडेला नेली. सहाशेच्या वर ओळी होत्या.

आता सेवेला सांगायचं होतं की मी केलेली मांडणी मोडू नकोस. त्यासाठी तीन पर्याय होते. पहिला, सजावट आणि जागा टाकून दे, मजकूर तेवढा घे. दुसरा, मजकुराबरोबर सजावट आणि जागाही घे. तिसरा, फाइल जशी आहे तशी पुढे पाठव. मी दुसरा लावून पाहिला. सगळं ठीक आलं, हात मोकळे दिसले, अक्षरं वर. तिथेच थांबायला हवं होतं. पण त्यात सेवा फाइल स्वतः नव्याने लिहिते, आणि माझ्या सहाशे ओळींना दुसऱ्या कुणी हात लावावा हे मला सोसेना. मी तिसरा पर्याय निवडला. पडद्यावर काडीचाही फरक दिसला नाही.

टिपा मला आठवल्याच नाहीत. आठवल्या असत्या तरी मी म्हटलं असतं, त्या पडद्यावर कुठे येतात.

लावण्याआधी हायिलला दाखवायचं कबूल केलं होतं. तो झरकाहून आला, हातात भट्टीतून काढलेल्या काअकची, तीळ लावलेल्या पावांची, पिशवी. त्याने व्हिडिओ आधी माझ्या संगणकावर पाहिला, मग स्वतःच्या फोनवर, मग मागे जाऊन पुन्हा सुरुवातीपासून. नाव कुठे निसटलंय का, हे तो डोळ्यांत तेल घालून शोधत होता.

"नाहीये कुठे," शेवटी तो म्हणाला.

"म्हटलं होतं ना मी."

"आणि अक्षरं काय सुंदर आलीत गं. वाटतं मीच लिहून बोलतोय." तो हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. "खा, काअक गरम आहे."

बारा डिसेंबरला आम्ही व्हिडिओ जगासमोर लावला.

एकतीस डिसेंबरला, दुपारचा चहा घेत असताना, परदेशातल्या कुणा विद्यार्थिनीचं पत्र आलं. फार अदबीने लिहिलं होतं. आपण अरबी शिकतो आहोत, या साक्षीने हलून गेलो, वाचायला सोपं जावं म्हणून सबटायटलची फाइल उतरवून घेतली. तिच्या पहिल्या ओळीत जे गृहस्थ आहेत ते मुलाखत घेणारे आहेत का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी फाइल बाहेरून उघडली, जशी कुणीही उघडू शकत होतं तशी. उम्म युसरने व्यवस्थित टाइप केलेली पहिली ओळ होती: अबू अहमद सातवा, म्हणजे हायिल अल-कुवैदर, पुढे गावाचं नाव, आणि त्यापुढे, "भाऊ बरजस अजून आत, आई गावात."

दहा मिनिटांत मी सगळं खाली उतरवलं. मग नोंदी पाहिल्या. ती फाइल व्हिडिओसोबत गेली होती दोन हजारांवर वेळा. नुसती फाइल, व्हिडिओ न बघता, उचलली गेली होती त्रेसष्ट वेळा. त्यातल्या दोन वेळा सीमेपलीकडून. पंधरा डिसेंबर आणि सोळा डिसेंबर, एकाच ठिकाणाहून.

उस्ताद झुहैरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

"मी लिहिलं," उम्म युसर पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझ्या या हातांनी लिहिलं. भावाचंसुद्धा नाव घातलं. मला काय गरज होती?"

"खाला, मी सांगितलं म्हणून लिहिलंस तू."

"ते नंतर बघू," उस्ताद म्हणाले. "दोनदा उचलली गेली म्हणजे त्यांनीच उचलली असं नाही. तिकडे आपले वाचकही आहेत. आणि उचलली असली तरी वाचली असेल कशावरून? आज त्याला सांगितलं तर तो घाबरून आईला फोन करणार, तो फोन ते ऐकणार. आपणच संशय पेरल्यासारखं होईल. थोडं थांबू."

"आई गावात आहे, उस्ताद," उम्म युसर म्हणाली. "तिला निदान निघून तरी जाता येईल."

"थोडं थांबू म्हणतोय ना मी."

त्यांचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पण मी गप्प बसले ती त्यामुळे नव्हे. मला गप्प बसायला एक कारण हवं होतं, आणि उस्तादांनी ते आयतं ताटात वाढलं. तीन दिवस मी कामावर आले, इतर फाइलींतल्या टिपा पुसल्या, चहा प्यायले, घरी गेले. मी भित्री आहे हे मला त्या तीन दिवसांत कळलं.

चौथ्या दिवशी उम्म युसर माझ्या टेबलाशी आली. "तू जातेस की मी जाऊ? माझ्या गुडघ्यांना झरकापर्यंतचा प्रवास झेपत नाही, पण जाईन." मग मी गेले.

भट्टीपुढे पावासाठी बायकांची रांग होती. हायिलने मला पाहिलं, हातातलं लांब लाकडी फावडं दुसऱ्याकडे दिलं, आणि पीठ पुसत मागच्या गल्लीत आला. तो काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. टीप, फाइल, त्रेसष्ट, दोन, तीन दिवस.

"पण मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "तीनदा पाहिलं होतं. नाव नव्हतं."

"पडद्यावर नव्हतं. फाइलमध्ये होतं. ती वेगळी जाते."

"ती मला का नाही दाखवलीस?"

"माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मला कळत नाही ते मी विचारू कसं, लुबाना? तुला कळतं म्हणून तर तुझ्यावर सोडलं होतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिथेच आईला फोन लावला. ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. याचं मात्र ऐकू येत होतं.

"यम्मा, मावशीकडे जा. आजच... नाही, मी बरा आहे. तू जा म्हणतो ना... भेट गेली खड्ड्यात!... बरं, बरं, रडू नकोस."

त्याने फोन खिशात ठेवला. "येणार नाही. वीस तारखेला भेट आहे म्हणते. त्याचं लोकरीचं जाकीट विणून झालंय. एकदा भेट चुकली की ते यादीतून नाव काढतात, म्हणून जाणारच म्हणते."

"मी काही करू शकते का?"

"काय करणार तू?" तो खरोखरच विचारत होता. रांगेतली एक बाई आतून ओरडली, "अरे कुठे गेला हा, पाव जळतायत!" आणि तो आत गेला.

वीस जानेवारीला आई गेली. तिला जाळीपर्यंत नेलंच नाही. फाटकावरच्या माणसाने जाकीट परत केलं आणि एक छापील कागद दिला. बरजस अल-कुवैदर, मृत्यू, हृदय बंद पडून. सही, शिक्का, तारीख. देह कुठे आहे ते विचारू नकोस असं त्याने तोंडी सांगितलं.

तीन दिवसांनी हायिल कार्यालयात आला. दाढी वाढलेली, अंगावर भट्टीचेच कपडे. आम्ही सगळे उभे राहिलो. "अल्लाह त्याच्यावर रहम करो," आम्ही म्हणालो, आणि त्याने मान हलवली. मग फोनवर काढलेला त्या कागदाचा फोटो उस्तादांच्या पुढ्यात ठेवला.

उस्ताद वकील माणूस. त्यांनी आधी तारीख पाहिली, आणि त्यांचा चेहरा सैल पडला तो मला स्पष्ट दिसला.

"चौदा जुलै," ते हळूच म्हणाले. "हायिलभाई, हे बघा. गेल्या वर्षीची चौदा जुलै. आपला व्हिडिओ लागला डिसेंबरात. म्हणजे पाच महिने आधीच तो बिचारा... फार वाईट झालं, पण याचा आपल्या फाइलशी काही संबंध नाही."

खरं सांगते, एका क्षणासाठी माझाही जीव भांड्यात पडला. त्या एका क्षणाची मला जितकी शरम वाटते तितकी फाइलचीही वाटत नाही.

"उस्ताद," हायिल म्हणाला, "माझ्या आईने त्याला नऊ नोव्हेंबरला पाहिलंय. जैतूनाची तोडणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने तिला विचारलं, यंदा तेल किती निघालं. जुलैत मेलेला माणूस तेल विचारतो का?"

उस्ताद पुन्हा त्या फोटोवर वाकले.

"तारखा ते हव्या तशा टाकतात. तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडेच चाळीस जणांनी सांगितलंय."

उस्तादांनी फोन त्याच्याकडे सरकवला. "पण कागद हा कागद आहे," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "उद्या कुणी विचारलं तर तो दाखवता येईल."

"तुम्ही दाखवा." हायिल माझ्याकडे वळला. "लुबाना, ती साक्ष परत लाव. या वेळी माझ्या नावाने."

"अबू अहमद, आई अजून तिकडेच..."

"आई काल रात्री मामांबरोबर सीमा ओलांडून इकडे आली. आणि हायिल म्हण मला. आता कुणापासून लपवायचंय?"

उस्ताद उठून खिडकीशी गेले. नको म्हणाले नाहीत. उम्म युसरने खुर्ची ओढून हायिलला माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः त्याच्या मागे उभी राहिली.

"चित्रातच घाल," हायिल म्हणाला. "वेगळी फाइल नको. कुणी उचलायची, कुणी ठेवायची, कुणी काढायची, ते नकोच."

जुना संगणक सुरू केला. त्याला चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. मग हायिलने एकेक शब्द सांगितला आणि मी टाइप केला. मी हायिल, खलफचा मुलगा, अल-कुवैदर घराण्यातला. गावाचं नाव. माझा भाऊ बरजस. त्यांच्या कागदावर त्याच्या मृत्यूची तारीख चौदा जुलै आहे. माझ्या आईने त्याला नऊ नोव्हेंबरला जिवंत पाहिलं.

माझी बोटं थांबली. आता झालं, असं मला वाटलं.

"व्हिडिओ कुठल्या तारखेला लावला होतास?" त्याने विचारलं.

"बारा डिसेंबर."

"आणि त्यात माझं नाव गेलं होतं."

"हो."

"तेही लिही."

उस्ताद खिडकीपासून वळले. "हायिलभाई, हे लिहिलं तर उद्या एकही साक्षीदार आमच्या दारात येणार नाही."

"येऊ दे नाहीतर नको येऊ दे," उम्म युसर म्हणाली. "त्यांना कळायला नको?"

हायिल उस्तादांकडे पाहतही नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, पहिल्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधी पाहिलं होतं तसं नव्हे. आता त्याला माझ्याकडून काही हमी नको होती.

मी लिहिलं. बारा डिसेंबरला ही साक्ष लोकांसमोर आली तेव्हा तिच्या फाइलमध्ये साक्षीदाराचं आणि त्याच्या भावाचं खरं नाव राहून गेलं होतं. ती फाइल मी, लुबानाने, पाठवली होती. वाक्य लांब झालं, दोन ओळींत मावेना, म्हणून त्याचे दोन भाग केले. हायिलने ते वाचलं आणि दुसरा भाग आणखी थोडा वेळ पडद्यावर ठेवायला सांगितलं.